रेवतीने विचारलं होतं

कुंडलिक गवई आमच्या समोरच्या दारात राहतो. घाटकोपरच्या पंतनगरातली म्हाडाची जुनी इमारत पाडून नवी झाली, तेव्हापासूनचा शेजार. मी पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली बाई, आणि तो अंधेरीला मरोळच्या एका वर्कशॉपमध्ये मायक्रोवेव्ह ओव्हन दुरुस्त करणारा मेकॅनिक. एकदा माझा मिक्सर बंद पडला म्हणून त्याला हाक मारली. मी चहा टाकेपर्यंत त्याने तो चालूही करून ठेवला होता. त्यानंतर आमचं येणं-जाणं वाढलं.

बावन्न वर्षांचा, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. आईवडील मेहकरकडून आलेले. आई शांताबाई बांधकामावर विटा वाहायची. मुलगा मात्र शाळेतून आला की जुन्या रेडिओत डोकं खुपसून बसायचा. पंधराव्या वर्षी वस्तीतल्या जयंतीच्या मिरवणुकीत ऐन वेळी अँप्लिफायर बंद पडला, तो त्याने गाडीवर बसूनच चालू केला. त्या दिवशी शांताबाईंनी ठरवलं, याला आयटीआयला घालायचं.

शिकून झाल्यावर तो टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात लागला. तेव्हा मोठ्या काचेच्या नळीचे टीव्ही होते. टीव्ही बंद केला, प्लग काढला, तरी त्या नळीत हजारो व्होल्टचा दाब साठून राहायचा. कुंडलिक विशीत असताना एकदा त्याची बोटं तिथे लागली आणि तो भिंतीवर जाऊन आदळला. दुकानातल्या म्हाताऱ्या मेकॅनिकने त्याला पाणी पाजलं आणि म्हटलं, "एकच हात आत होता म्हणून वाचलास. दोन्ही असते तर करंट छातीतून गेला असता." तेव्हापासून मशीन उघडं असलं की कुंडलिकचा डावा हात पँटच्या खिशात. पुढे काचेचे टीव्ही गेले, मायक्रोवेव्ह आले, तरी ती सवय सुटली नाही.

हे सगळं आधी सांगते, कारण पुढे जे झालं ते अडाण्याच्या हातून झालेलं नाही. ज्याला सगळं ठाऊक होतं त्याच्या हातून झालं.

मरोळच्या वर्कशॉपचा मालक विद्याधर. सहा-सात मेकॅनिक, लांब टेबलं, जमिनीवर रबरी चटया. तिथे कुंडलिक सीनियर होता. त्याच्या शेजारच्या टेबलावर रेवती परब बसायची. भांडुपच्या कोकण नगरात राहणारी, त्याच्याहून चौदा वर्षांनी लहान. तिचे वडील धोंडू परब कणकवलीकडचे, परळच्या गिरणीत मागावरचे साचेवाले होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी सोसायटीत वॉचमनची नोकरी केली, पण मशीनचं वेड गेलं नाही. मुलीला त्यांनी हट्टाने इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स करायला लावला. नातेवाईक हसले. "पोरीच्या हातात पोळपाट द्यायचा तर पक्कड काय देतोस?" धोंडूंनी कुणाला जुमानलं नाही.

"सांगू का ताई, ती माझ्यापेक्षा चांगली मेकॅनिक होती," कुंडलिक मला म्हणाला. "मशीन नुसतं चालू करायची, कान द्यायची आणि म्हणायची, ट्रान्सफॉर्मर गेलाय. उघडून बघितलं की ट्रान्सफॉर्मरच गेलेला."

दोघांचं जमायचं. डबा एकत्र खायचे. ती त्याच्या भाकरीतला तुकडा न विचारता घ्यायची, तो तिच्या डब्यातली सुकटाची चटणी संपवायचा. ती त्याला सरळ 'अरे कुंडलिक' म्हणायची, वयाचा मान वगैरे काही नाही. त्यालाही ते आवडायचं.

मायक्रोवेव्हमध्ये एक डब्बीएवढा कपॅसिटर असतो. दोन हजार व्होल्ट आणि वर. मशीन बंद करून प्लग काढला तरी त्यात वीज साठून राहू शकते. आपोआप ती उतरावी म्हणून आत एक बारीकशी सोय असते, पण जुन्या मशीनमध्ये ती कधी निकामी झालेली असते हे बाहेरून कळत नाही. म्हणून हात घालण्याआधी साठलेली वीज काढून टाकायची, म्हणजे डिस्चार्ज करायचं. त्यासाठी वर्कशॉपमध्ये प्रत्येकाकडे एक प्लॅस्टिकच्या दांड्याचं, वायर लावलेलं साधन होतं. त्याला सगळे काठी म्हणायचे. भिंतीवर कुंडलिकने स्वतःच्या अक्षरात लिहून लावलं होतं: ज्याचा हात, त्याची काठी. म्हणजे दुसऱ्याने डिस्चार्ज केलं असलं तरी आपण हात घालताना पुन्हा करायचं.

नियम चांगला होता. पण शेजारी शेजारी आठ वर्षं बसलेली माणसं. "केलंय ना?" "केलंय." आणि काम पुढे. सगळेच तसं करायचे. कुंडलिकही.

ऑक्टोबर महिना होता, आठ वर्षांपूर्वीचा. दिवाळी तोंडावर, दुरुस्तीच्या मशीनची रांग लागलेली. सकाळी कुंडलिकने एक जुना ओव्हन उघडला, काठी लावली, फ्यूज बदलला. मग आत पाण्याचा ग्लास ठेवून दहा-बारा सेकंद चालवून पाहिला. मशीन गुरगुरत होतं, पाणी तापत नव्हतं. त्याने प्लग काढला. तेवढ्यात मोबाइल वाजला.

फोन बायकोचा, सपनाचा. ती पडद्यांच्या दुकानात उभी होती. निळे घेऊ की पिवळे, एवढंच विचारायचं होतं. कुंडलिक फोन कानाला लावून टेबलापासून दोन पावलं बाजूला झाला. रेवतीचं हातातलं काम संपलं होतं. ती त्याच्या टेबलाशी आली.

"गुरगुरतंय नुसतं. डायोड बघते तुझा," ती म्हणाली, आणि मग मीटर हातात घेता घेता तिने विचारलं, "डिस्चार्ज केलंय ना रे?"

कुंडलिकने तिच्याकडे बघितलं. मान हलवली. म्हणाला, "हो, हो."

सकाळी लावलेली काठी त्याच्या डोक्यात होती. मधे आपण मशीन चालवलं, हे त्या क्षणी त्याला आठवलंच नाही. पलीकडून सपना म्हणत होती, "निळेच बरे दिसतील ना?"

फटकन आवाज झाला. रेवतीचा डावा हात मशीनच्या पत्र्यावर होता आणि उजव्या हाताची बोटं कपॅसिटरच्या टोकाशी. ती मागे फेकली गेली, डोकं लोखंडी रॅकवर आपटलं आणि ती चटईच्या पलीकडे पडली. डोळे अर्धवट उघडे होते. श्वास नव्हता.

पार्सल न्यायला आलेला एक माणूस दारात उभा होता. तो ओरडत होता, "अरे, प्लग तर बाहेर आहे! शॉक लागला कसा?"

कुंडलिक तिच्या छातीवर दाब द्यायला लागला. भिंतीवरच्या प्रथमोपचाराच्या तक्त्यात बघितलं होतं तसं, दोन्ही तळहात एकावर एक, मोजत मोजत. किती वेळ ते त्याला आजही सांगता येत नाही. कुणी म्हणतं तीन मिनिटं, कुणी पाच. मग तिने घरघर करत श्वास घेतला. तिला गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं. मशीनला कुणी शिवलं नाही.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात विद्याधर धावत आला. "झालं काय? डिस्चार्ज नव्हतं केलं का?"

कुंडलिक म्हणाला, "तिने नाही केलं."

हे वाक्य त्याने मला सांगितलं तेव्हा तो माझ्या स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता, माझ्याकडे नाही. "शब्दाला शब्द खरं होतं, ताई. तिने काठी नव्हतीच लावली. पण मी काय सांगतोय आणि काय गिळतोय, ते मला त्याच क्षणी कळत होतं."

विद्याधरने दुसऱ्या दिवशी अपघाताच्या रजिस्टरमध्ये लिहिलं: 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.' खाली साक्षीदाराची सही कुंडलिकची.

रेवती चौथ्या दिवशी बोलायला लागली. उजव्या हाताची दोन बोटं भाजून आखडली होती, ती कायमचीच. आणि त्या सकाळचं तिला काहीच आठवत नव्हतं. डबा भरून घरातून निघालेली आठवत होती, पुढे थेट हॉस्पिटलचं छत. डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार लागला की असं होतं, कदाचित आठवणारही नाही.

कुंडलिक तिला भेटायला गेला. तिने विचारलं, "मी काठी न लावता हात घातला?"

तो गप्प राहिला. तिने त्याचा अर्थ लावला.

"कशी काय विसरले रे मी?" ती म्हणाली. "पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट."

त्या वेळी तो सांगू शकत होता. पलंगाशेजारी स्टूल होतं, खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्याने मनात वाक्य जुळवलंही. तेवढ्यात धोंडू आत आले, त्यांनी कुंडलिकचे दोन्ही हात धरले आणि म्हाताऱ्या माणसाने त्या हातांवर कपाळ टेकवलं. "तू होतंस म्हणान माझा चेडू वाचला." जुळवलेलं वाक्य तिथेच राहिलं.

मग ते राहतच गेलं. वर्कशॉपमध्ये त्याचं कौतुक झालं. विद्याधर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, आमच्या कुंडलिकने मेलेल्या माणसाला परत आणलं. त्यालाच जोडून दुसरंही सांगायचा, की यापुढे टेबलावर बाई नको. बायकांनी फोन घ्यावेत, बिलं करावीत, असली कामं त्यांची नव्हेत. दोन मुली नंतर विचारायला आल्या, त्यांना त्याने दारातूनच परत पाठवलं. कुंडलिक शेजारी उभा होता.

"तुमचं काम हे नाही, हे आमच्या कितीजणांनी पिढ्यान्पिढ्या ऐकलंय," तो मला म्हणाला. "आणि मी तिथे उभा राहून तेच ऐकत होतो, मान खाली घालून. का, तर माझी चूक तिच्या नावावर होती म्हणून."

स्वतःची समजूत घालायचे नाना प्रकार त्याने केले. नियम नियम होता, तिने स्वतः काठी लावायला हवी होती. हेही खोटं नव्हतं. मग दुसरा प्रकार: मी 'हो' म्हटलं ते सपनाला, पडद्यांसाठी. हा त्याने बरेच महिने चालवला. पण त्याला पक्कं आठवत होतं की त्याने रेवतीच्या डोळ्यांत बघून मान हलवली होती. पडद्यांसाठी माणूस मान हलवत नाही.

रेवती कामावर परतली नाही. केवळ विद्याधरने नको म्हटलं म्हणून नव्हे. तिचाच हात पुढे होईना. घरातला बल्ब गेला तरी ती भावाला हाक मारायची. पुढे भांडुप स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात ती काउंटरवर बसायला लागली. मशीनमध्ये कागद अडकला तरी उघडायची नाही, कंपनीच्या माणसाला फोन करायची आणि तो येईपर्यंत गिऱ्हाइकांची बोलणी खायची.

आणि दरवर्षी गणपतीत परबांकडून कुंडलिकला बोलावणं असायचं. दीड दिवसाचा गणपती. कुंडलिक बौद्ध, तो काही आरतीला उभा राहायचा नाही, आणि परबांनाही त्याचं काही नसायचं. त्याला खुर्चीवर बसवायचे, पानात सगळ्यांत आधी मोदक वाढायचे. नवीन पाहुणा आला की धोंडू ओळख करून द्यायचे, "ह्यो आमचो कुंडलिक. रेवतीचो दुसरो जन्म ह्याच्या हातान." सहा वर्षं तो ते ऐकत जेवला. त्या रात्री तो घरी ताटावर बसायचा नाही. सपनाला वाटायचं, याला नारळ सोसत नाही.

सातव्या वर्षी, म्हणजे गेल्या गणपतीत, विसर्जनाच्या दिवशी, वेगळं घडलं.

रेवतीच्या भावाची मुलगी श्वेता बारावीत होती. जेवणं झाल्यावर ती कुंडलिकच्या शेजारी येऊन बसली. "काका, मला आयटीआय करायचंय. इलेक्ट्रॉनिक्स. तुम्ही घरच्यांना सांगा ना, तुमचं ऐकतील."

कुंडलिक काही बोलायच्या आत रेवती आतून आली. हातात पाण्याचा तांब्या होता. आखडलेल्या बोटांमुळे ती तो तळाशी धरायची.

"काही सांगायचं नाही," ती म्हणाली. "श्वेता, तुला सतरांदा सांगितलं. या कामात एकदा चुकलं की संपलं. डोकं थाऱ्यावर असणाऱ्यांचं काम आहे ते. माझं नव्हतं, मला कळलं. तुझ्यात रक्त माझंच आहे ना."

ती रागावून बोलत नव्हती. रोजची गोष्ट सांगावी तशी बोलत होती, आणि कुंडलिकला ते जास्त लागलं.

निघताना धोंडू त्याला पायरीपर्यंत सोडायला आले. आता ते थकले होते, काठीवर चालायचे. श्वेताचं बोलणं त्यांनीही ऐकलं होतं. म्हणाले, "रेवतीचो काय दोष नाय रे. मीच तिका ह्या कामात घातलंय. सगळे नको म्हणी होते. माझीच हौस. रोज रात्री निजताना तिची बोटा डोळ्यांसमोर येतत."

कुंडलिकने त्यांचा खांदा धरला. रिक्षा मिळत असूनही तो चालत निघाला, आणि कांजूरपर्यंत आल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण चालतोय.

घरी येऊन त्याने सपनाला सगळं सांगितलं. मग तिने पहिली गोष्ट विचारली ती अशी, "म्हणजे तो माझा फोन होता?"

"फोनचा काही संबंध नाही."

"सात वर्षं तू एकट्याने..." ती थांबली. "आणि ती?"

"तिला वाटतं तीच विसरली."

सपना उठून खिडकीशी गेली, परत आली. "तुला कोणी तुरुंगात टाकणार नाही. नोकरी जाईल फार तर. पण त्या बाईला कळलंच पाहिजे. तू जातोस की मी जाऊ?"

दुसऱ्या दिवशी दुपारी कुंडलिक भांडुपला गेला. झेरॉक्सच्या दुकानात गर्दी नव्हती. रेवती त्याला बघून हसली. "काय रे, कालचे मोदक कमी पडले?"

"रेवती, तुला सांगायचंय. बस."

त्याने उभ्याउभ्याच सांगितलं. सकाळची काठी, नवा फ्यूज, पाण्याचा ग्लास, प्लग, फोन. तिचा प्रश्न. त्याचा 'हो'. रडणं, माफी मागणं असलं काही त्याने केलं नाही, ते करायचं नाही असं तो ठरवूनच आला होता. हॉस्पिटलातलं वाक्य आणि रजिस्टरवरची सहीसुद्धा सांगितली.

रेवती ऐकत होती. मग तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली, एखाद्या मशीनचा बिघाड शोधावा तशी.

"किती सेकंद चालवलंस?"

"दहा-बारा."

"प्लग काढल्यापासून मी हात घालेपर्यंत किती वेळ?"

"मिनिटभर. जास्त नाही."

"मी काय शब्द वापरले?"

"डिस्चार्ज केलंय ना रे."

"तू फोनवर होतास. तुझा 'हो' फोनवर होता आणि मी तो माझ्यासाठी धरला, असं झालं असेल का?"

हा प्रश्न त्याला पळवाट देत होता. तो म्हणाला, "मी तुझ्याकडे बघून मान हलवली."

"म्हणजे मी विचारलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"मी विचारलं होतं." तिचा आवाज फाटला. "कुंडलिक, मी विसरले नव्हते रे. मी विचारलं होतं."

एक कॉलेजचा मुलगा झेरॉक्सला कागद घेऊन आला. ती त्याला म्हणाली, "दुकान बंद आहे." तो उघड्या दुकानाकडे बघत निघून गेला.

मग ती उठली. राग आता आला होता. "शॉकचं मी समजू शकते. उद्या मी तुझ्या जागी असते तर माझ्याकडूनही झालं असतं. आणि काठी मी लावायला हवी होती, ते माझं मी बघेन. पण सात वर्षं? मी बल्बला हात लावत नाही. माझ्या भाचीला मी काल काय बोलले, तू ऐकलंस ना? बसून ऐकलंस. आमच्या घरी येऊन जेवलास!"

"हो."

"हो म्हणू नको!"

ती परत काउंटरमागे जाऊन बसली.

"बाबांना तू सांगायचं," ती शेवटी म्हणाली. "मी नाही. रविवारी ये. आणि हे सगळं लिहून आण, तुझ्या अक्षरात. बोललेलं विसरायला होतं, मला चांगलं माहीत आहे."

रविवारी तो गेला. या वेळी सपनाही बरोबर होती. त्याने कागद धोंडूंसमोर ठेवला, पण त्यांना वाचण्याइतकं दिसत नव्हतं, म्हणून त्यालाच वाचून दाखवावं लागलं. स्वतःच्या अक्षरातलं स्वतःच वाचताना तो दोनदा अडखळला. रेवती भिंतीला टेकून उभी होती. श्वेता दारात.

धोंडूंना पहिल्यांदा समजलंच नाही. "म्हणजे तिना इचारल्यान?"

"विचारलं होतं, काका."

"आणि तू हो म्हटलंस?"

"हो."

म्हातारा उठला. कुंडलिकला वाटलं, आता काठी अंगावर येणार, आणि त्याला ते चाललं असतं. पण धोंडू रेवतीजवळ गेले, तिचा तो आखडलेला हात हातात घेतला आणि तसेच उभे राहिले. कुंडलिककडे पाठ होती त्यांची. जरा वेळाने ते मागे न बघता म्हणाले, "जा तू आता."

कुंडलिक आणि सपना उठले. चहा ओतून ठेवलेला होता, तो तसाच राहिला.

सोमवारी त्याने विद्याधरला सांगितलं. विद्याधर वैतागला. "आता कशाला उकरतोस? कोणी विचारलं तुला? तिच्या उपचारांचं जे करायचं ते मी तेव्हाच केलं."

"रजिस्टर दे."

"वेडा झालास काय?"

कुंडलिकने कपाट उघडून रजिस्टर काढलं. जुन्या नोंदीखाली जागा होती. तिथे त्याने लिहिलं की मशीन आपण चालवलं होतं, डिस्चार्ज केलं नव्हतं, रेवती परब यांनी विचारल्यावर केलं आहे असं सांगितलं, आणि पहिली साक्ष अपुरी होती. तारीख घालून सही केली. विद्याधर बघत राहिला. मग जेवणाच्या सुट्टीत कुंडलिकने सगळ्या मेकॅनिकना तेच तोंडी सांगितलं. कुणी म्हणालं, सोड ना यार, होतं कधी कधी. एकजण डबा उचलून दुसऱ्या टेबलावर गेला.

त्याची नोकरी गेली नाही. पण नव्यांना शिकवायचं काम विद्याधरने त्याच्याकडून काढून घेतलं. ते त्याला सगळ्यांत जास्त प्रिय होतं. त्याने हुज्जत घातली नाही. आता वर्कशॉपमध्ये तो "डिस्चार्ज केलंय" म्हणाला तरी समोरचा माणूस त्याच्यादेखत पुन्हा काठी लावतो. पहिल्या काही दिवसांत त्याला ते झोंबलं. मग तो स्वतःच सांगायला लागला, माझ्यावर विश्वास ठेवू नका, लावा.

या सगळ्याला वर्ष होत आलं. पावसाळ्याच्या सुरुवातीला श्वेताला आयटीआयत प्रवेश मिळाला. फॉर्म भरायला तिच्याबरोबर रेवती गेली होती. ही बातमी कुंडलिकला परबांकडून नाही कळली. वर्कशॉपमधल्या एकाची बहीण तिथे शिकते, तिच्याकडून कळली. त्याच मुलीने असंही सांगितलं की रेवतीने झेरॉक्सचं दुकान सोडलं आणि मुलुंडला एका बाईच्या दुकानात इस्त्र्या, मिक्सर, गिझर दुरुस्त करते. दोन बोटं चालत नाहीत, तर पक्कड डाव्या हातात धरायला शिकली आहे. मायक्रोवेव्ह घेत नाही. आला तर परत पाठवते.

यंदा गणपतीला परबांकडून बोलावणं आलं नाही. कुंडलिक त्या दिवशी घरीच होता. संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि त्याने मला हे सगळं पहिल्यांदा सांगितलं, सुरुवातीपासून. पाच वाजल्यापासून दिवे लागेपर्यंत बोलत होता. एवढं बोलताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

मी विचारलं, "सांगून टाकल्यावर बरं वाटलं असेल ना?"

"नाही ताई," तो म्हणाला. "मला वाटलं होतं, वाटेल. आधी फक्त एका 'हो'चं ओझं होतं. आता त्या सात वर्षांचंही आहे, आणि ते सगळ्यांना माहीत आहे." मग म्हणाला, "धोंडूकाकांना आता झोप लागत असेल. तेवढं वाटतं."

महिन्याभरापूर्वी त्याला मुलुंडच्या बाजारात रेवती दिसली. ती रस्त्याच्या पलीकडून येत होती, खांद्याला हत्यारांची पिशवी. तिनेही त्याला पाहिलं. कुंडलिक जागेवर थांबला. ती रस्ता ओलांडून आली नाही, पण तिने चालणं थोडं हळू केलं.

"सपना बरी आहे?" तिने पलीकडूनच मोठ्याने विचारलं.

"बरी आहे."

"सांग तिला विचारलं म्हणून."

एवढं बोलून ती पुढे गेली. कुंडलिकने घरी येऊन सपनाला निरोप सांगितला, शब्दाला शब्द.